अवयवदान प्रत्यक्षात कसे घडते आणि कुटुंबाने त्यासाठी कोणती तयारी ठेवावी

अवयवदानाचा संकल्प केलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. कुणाच्या पाकिटात कार्ड असते, कुणी एखाद्या शिबिरात फॉर्म भरलेला असतो. परंतु अवयवदानाची वेळ जेव्हा खरोखर येते तेव्हा संकल्प करणारा माणूस व्हेंटिलेटरवर असतो आणि निर्णय घेतात ते अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर दोन-तीन रात्री जागून काढलेले त्याचे नातेवाईक. त्यांना त्या माणसाची इच्छा माहीत असेल, मेंदूमृत्यू म्हणजे काय हे त्यांनी आधी कधी ऐकलेले असेल आणि पुढे काय काय होणार याची कल्पना असेल, तरच ते शांतपणे हो किंवा नाही म्हणू शकतात. म्हणून फॉर्म कसा भरावा यापेक्षा, फॉर्म भरल्यानंतर घरात कोणती तयारी असावी आणि मिळालेला अवयव कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राचे काम नेमके कसे चालते, यावर येथे अधिक भर दिला आहे.

कोणत्या मृत्यूनंतर कोणते दान होते

सर्वप्रथम एक भेद नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. घरी किंवा रुग्णालयात हृदय बंद पडून नेहमीसारखा मृत्यू झाला, तर डोळ्यांची बुबुळे, त्वचा आणि हाडांसारख्या ऊतींचे दान होऊ शकते. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडे हे अवयव मात्र रक्तपुरवठा थांबताच झपाट्याने निकामी होऊ लागतात, त्यामुळे ते आपल्याकडे जवळजवळ नेहमी मेंदूमृत रुग्णाकडूनच मिळतात. अपघातात डोक्याला जबर मार लागणे, मेंदूत मोठा रक्तस्राव होणे किंवा काही वेळा मेंदूतील गाठ, अशा कारणांनी मेंदूचे आणि मेंदूस्तंभाचे, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या तळाच्या भागाचे, कार्य कायमचे थांबते. यालाच मेंदूमृत्यू म्हणतात. व्हेंटिलेटरमुळे शरीराला प्राणवायू मिळत राहतो आणि हृदय काही काळ चालू राहते. असे मृत्यू एकूण मृत्यूंच्या मानाने फार थोडे असतात, आणि म्हणूनच त्यांतला एकही केवळ माहिती नसल्यामुळे वाया जाऊ नये, असे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने वाटते. अशा एका दात्याकडून आठ जणांपर्यंत अवयव पोहोचू शकतात.

वय हा फारसा अडथळा नसतो. मधुमेह किंवा रक्तदाब होता म्हणून नातेवाईकांनी स्वतःच दान रद्द करू नये. कोणता अवयव चालेल आणि कोणता नाही हे डॉक्टर तपासण्या करून ठरवतात.

नोंदणी आणि त्याहून महत्त्वाचे घरातले बोलणे

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही व्यक्तीला अवयवदानाची नोंदणी करता येते. राष्ट्रीय अवयव आणि ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या संकेतस्थळावर २०२३ पासून आधारशी जोडलेली नोंदणी सुरू आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, कोणते अवयव आणि ऊती देण्याची इच्छा आहे ते निवडता येते आणि प्रमाणपत्र लगेच मिळते. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी अवयव प्रत्यारोपणाच्या नियमांतील नमुना क्रमांक ७ हा फॉर्म समन्वय केंद्रातून किंवा मोठ्या रुग्णालयातून घ्यावा. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतील एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. ही अट औपचारिक वाटली तरी मला ती फार शहाणपणाची वाटते, कारण त्यामुळे निदान एका घरच्या माणसाला तरी संकल्प माहीत होतो. नोंदणी पुढे कधीही मागे घेता येते. अधिक माहितीसाठी नोट्टोचा १८००-११-४७७० हा निःशुल्क क्रमांक आहे.

यानंतर घरात बोलावे. व्यवहारात जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीशिवाय अवयव काढले जात नाहीत, मग कार्ड असो वा नसो. त्यामुळे केवळ पतीला किंवा पत्नीला सांगून भागत नाही. आपल्या घरात अशा प्रसंगी शब्द कोणाचा चालतो याचा विचार करावा. अनेकदा तो थोरल्या भावाचा, मामांचा किंवा आत्याचा असतो आणि गावाहून आलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या नकारापुढे पत्नी आणि मुले गप्प बसतात. अशा व्यक्तींपाशी आपली इच्छा स्पष्ट शब्दांत बोलून ठेवावी. ‘माझं काही झालं तर बघा काय ते’ असे मोघम बोलू नये. ‘मी मेंदूमृत झालो तर माझे अवयव द्या, आणि घरीच मरण आले तर डोळे द्या’ इतके नेमके वाक्य घरच्यांच्या कानावर गेलेले असावे. पुढे त्यांना हेच वाक्य आधार देते, कारण मग प्रश्न आपण काय करावे असा उरत नाही, त्यांची इच्छा काय होती एवढाच उरतो.

रुग्णालयात काय घडते

मेंदूमृत्यू जाहीर करण्याची पद्धत मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ आणि त्याखालील नियमांनी बांधून दिलेली आहे. निदान चार डॉक्टर मिळून करतात: रुग्णालयाचे प्रमुख किंवा प्रभारी डॉक्टर, शासनमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसल्यास नियमांनुसार मान्यता असलेले भूलतज्ज्ञ, अतिदक्षता तज्ज्ञ, फिजिशियन किंवा सर्जन त्यांच्या जागी चालतात. यांच्यापैकी कोणीही प्रत्यारोपण करणाऱ्या पथकात असू शकत नाही. अवयव मिळावेत म्हणून डॉक्टर घाई करतील, ही शंका लोकांच्या मनात असतेच, आणि कायद्याने नेमका तोच दरवाजा बंद केलेला आहे.

चाचण्या दोन वेळा होतात आणि दोन्हींमध्ये किमान सहा तासांचे अंतर असावे लागते. त्याआधी रुग्णावर गुंगीच्या औषधांचा परिणाम नाही, शरीराचे तापमान फार उतरलेले नाही आणि रक्तातील क्षारांची मोठी गडबड नाही, याची खात्री केली जाते. मग डोळ्यांत प्रकाश टाकून बाहुल्या आकुंचन पावतात का, बुबुळाला कापसाचा स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, घशात नळी हलवल्यावर ठसका लागतो का, कानात थंडगार पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, हे एकेक करून पाहतात. शेवटची ॲप्निया चाचणी. तीत नळीतून प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटरचा श्वास काही मिनिटे थांबवतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मेंदूस्तंभात थोडीही धुगधुगी असेल तर छाती स्वतःहून उचलली जायला हवी. डॉक्टर त्या वेळी उघड्या छातीकडे आणि पोटाकडे टक लावून पाहत उभे असतात. छाती उचलली जात नाही, तेव्हा रक्ताचा नमुना तपासून कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढला होता हे कागदावर नोंदवले जाते. दुसऱ्या वेळीही हेच निष्पन्न झाले की चारही डॉक्टर नमुना क्रमांक १० वर सही करतात.

‘अजून अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत, मग गेले कसे म्हणता?’ हा प्रश्न प्रत्येक घर विचारते आणि तो विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे. हृदयाला स्वतःची लय असते. प्राणवायू मिळत राहिला तर मेंदू मेल्यानंतरही ते काही तास, कधी काही दिवस चालते, आणि मग थांबतेच. कोमा वेगळा. कोमातल्या रुग्णाचा मेंदूस्तंभ जिवंत असतो आणि तो सुधारण्याची शक्यता असते. मेंदूमृत रुग्ण परत येत नाही. शंका असल्यास चाचण्यांचे निष्कर्ष पुन्हा समजावून सांगण्यास डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. घरातल्या एखाद्या डॉक्टर नातेवाइकाला बोलावून त्यांच्याकडून कागद पाहून घेतले तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.

मृत्यू घोषित झाल्यावर रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयक नातेवाइकांना भेटतात. या कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनंतर, अतिदक्षता विभागात अशा रुग्णाच्या नातेवाइकांना अवयवदानाचा पर्याय सांगणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे. म्हणजे कोणी हा विषय काढला तर तो असंवेदनशीलपणा समजू नये. आणि उलट, कोणीच विषय काढला नाही तर नातेवाइकांनी स्वतः ‘आम्हाला समन्वयकांशी बोलायचे आहे’ असे म्हणावे. समन्वयक वेगळ्या खोलीत बसून बोलतात, घाई करत नाहीत, आणि चांगला समन्वयक आधी कुटुंबाचे पूर्ण ऐकून घेतो. नकार दिला म्हणून कुणावर दबाव आणला जात नाही.

संमती नमुना क्रमांक ८ वर घेतली जाते. मृत व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर आई किंवा वडील नमुना क्रमांक ९ वर सही करतात. कोणते अवयव द्यायचे आणि कोणते नाहीत हे त्यात लिहिता येते. सही करणाऱ्या नातेवाइकाचे आणि मृत व्यक्तीचे आधार कार्ड जवळ ठेवावे. संमतीनंतर दात्याला सांभाळण्याचा, तपासण्यांचा आणि अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च नियमांनुसार दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. त्याआधीच्या उपचारांचे बिल मात्र वेगळे असते. या दोन्हींची सीमारेषा कोणत्या वेळेपासून धरली आहे, हे समन्वयकांकडून तेव्हाच स्पष्ट करून घ्यावे. कुणी अवयवाच्या बदल्यात पैसे देऊ केले किंवा मागितले तर तो गंभीर गुन्हा आहे. अवयवांच्या व्यापाराला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

संमतीपासून पार्थिव ताब्यात मिळेपर्यंत बहुतेक वेळा अर्धा ते एक दिवस जातो. हा काळ कुटुंबासाठी फार कठीण असतो. आत काय चालले आहे हे दिसत नाही, बाहेर नातलगांची गर्दी वाढत असते आणि अंत्यसंस्काराची वेळ सगळे विचारत असतात. एका माणसाने समन्वयकांशी संपर्क ठेवावा आणि बाकीच्यांना त्यानेच माहिती द्यावी, एवढी व्यवस्था केली तरी ताण पुष्कळ हलका होतो. या काळात दात्याचा रक्तदाब, तापमान आणि लघवीचे प्रमाण सांभाळण्यासाठी परिचारिका तासातासाला झटत असतात. तरीही काही वेळा हृदय आधीच थांबते आणि अवयव घेता येत नाहीत. तसे झाल्यास डोळे आणि त्वचा देता येतात, तेव्हा तो पर्याय लगेच विचारावा.

अपघाताचे प्रकरण असेल तर

अपघात, पडणे, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू यांत पोलीस तपास आणि शवविच्छेदन असते, आणि ‘पोलीस केस आहे, आता दान होणार नाही’ असे कोणीतरी हमखास सांगते. हे खरे नाही. २०१४ च्या नियमांत यासाठी स्वतंत्र पद्धत दिलेली आहे. रुग्णालय संबंधित पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी विनंती करते, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना कळवते, आणि मृत्यूचे कारण ठरवण्यात बाधा येणार नाही अशा रीतीने अवयव काढले जातात. काढलेल्या अवयवांचा वैद्यकीय अहवाल शवविच्छेदनाच्या नोंदींना जोडतात. कुटुंबाने अपघाताची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात झाली आहे, तेथील तपास अधिकारी कोण आहेत आणि नोंदीचा क्रमांक काय आहे, ही माहिती लिहून समन्वयकांच्या हाती द्यावी. अपघात एका जिल्ह्यात आणि उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, असे असेल तर सर्वांत जास्त वेळ याच कागदांत जातो.

समन्वय केंद्र अवयव कोणाला देते

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत; लोक त्यांना झेडटीसीसी म्हणतात. मुंबईचे केंद्र २००० साली स्थापन झाले. ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या आणि शासनाने मान्यता दिलेल्या या संस्था स्वतः शस्त्रक्रिया करत नाहीत. प्रतीक्षायादी सांभाळणे, दात्याची माहिती येताच नियमांप्रमाणे वाटप करणे आणि लोकांना अवयवदानाची माहिती देणे हे त्यांचे काम. त्यांच्यावरच्या पातळीवर पश्चिम विभागाची रोट्टो-सोट्टो ही (प्रादेशिक आणि राज्य पातळीवरची अवयव व ऊती प्रत्यारोपण) संस्था मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. ज्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी जगातले पहिले हृदय प्रत्यारोपण झाल्यावर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, भारतातला पहिला प्रयत्न केला होता, तेथेच आज हे कार्यालय असावे याचे मला विशेष वाटते. तो रुग्ण वाचला नाही, आणि मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा यायला पुढे पंचवीसहून अधिक वर्षे जावी लागली. गोव्यातील वाचकांनी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील राज्य संस्थेकडे, तर बेळगाव परिसरातील वाचकांनी कर्नाटकच्या ‘जीवसार्थकते’ या संस्थेकडे चौकशी करावी.

रुग्णाला स्वतःहून केंद्रात जाऊन यादीत नाव घालता येत नाही. प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फत नोंदणी होते. मूत्रपिंडाच्या यादीत किती काळ डायलिसिस चालू आहे, डायलिसिससाठी रक्तवाहिन्या शिल्लक आहेत का, वय काय, आधीचे प्रत्यारोपण निकामी झाले आहे का, अशा निकषांवर गुण दिले जातात. पूर्वी स्वतः मूत्रपिंड दिलेल्या व्यक्तीला आणि मृत दात्याच्या जवळच्या नातेवाइकाला राष्ट्रीय निकषांत जादा गुण आहेत. यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाला सुपर अर्जंट म्हणून अग्रक्रम मिळतो. अवयव आधी त्या विभागातील रुग्णांना, मग राज्यातील इतर विभागांना, मग प्रादेशिक आणि राष्ट्रीय पातळीवर देऊ केला जातो. ओळख, हुद्दा किंवा देणगी यांवर क्रम बदलत नाही. दात्याच्या कुटुंबाला ‘आमच्या ओळखीच्या अमुक रुग्णाला द्या’ असेही सांगता येत नाही, आणि दाता व रुग्ण यांची नावे एकमेकांना कळवली जात नाहीत.

वाटपाचे काम बहुधा रात्रीच चालते. दात्याचा रक्तगट, उंची, वजन आणि तपासण्यांचे अहवाल केंद्राकडे येतात; केंद्राचे समन्वयक क्रमाने रुग्णालयांना फोन करतात आणि ठरावीक वेळेत होकार किंवा नकार मागतात. मूत्रपिंडासाठी दात्याच्या आणि रुग्णाच्या रक्ताची क्रॉसमॅच, म्हणजे दोन्ही एकमेकांशी जुळतात का याची चाचणी, करावी लागते व तीत काही तास जातात, म्हणून यादीतील पुढच्या क्रमांकांचे रुग्णही बोलावून ठेवतात. ज्यांना मध्यरात्री बोलावून पहाटे परत पाठवले जाते त्यांची निराशा फार खोल असते. पण तसे बोलावणे आले म्हणजे आपला क्रमांक जवळ आला आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. प्रतीक्षेतील रुग्णाने फोन कधीही बंद ठेवू नये आणि बाहेरगावी जाताना रुग्णालयाला कळवावे.

काढलेला अवयव थंड द्रावणाने धुऊन, एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत बंद करून बर्फाच्या पेटीत ठेवतात. तेथून घड्याळ सुरू होते. हृदय आणि फुप्फुसांना साधारण चार ते सहा तास, यकृताला बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंडाला चोवीस तास आणि त्याहून थोडे अधिक मिळतात. म्हणून हृदयासाठी वाहतूक पोलिसांच्या मदतीने ग्रीन कॉरिडॉर करतात; आपण रस्त्यावर असताना तसा मार्ग मोकळा केला जात असेल तर गाडी कडेला घेणे आणि मागे न लागणे एवढेच आपले काम.

घरी मृत्यू झाल्यास नेत्रदान

हे दान जवळजवळ प्रत्येक घराला शक्य आहे आणि त्यासाठी आधी फॉर्म भरलेला असण्याचीही गरज नाही; नातेवाइकांची संमती पुरते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले जाणे आवश्यक असते, आणि हे तास डॉक्टर बोलावण्यात आणि नातलगांना कळवण्यात भराभर जातात. म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आजच शोधून मोबाइलमध्ये ‘नेत्रपेढी’ या नावानेच जतन करावा. मृत्यू झाल्यावर पापण्या अलगद मिटवाव्यात, त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच ठेवावे. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळे कोरडी पडतात. मृत्यूचे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना लगेच बोलावावे. नेत्रपेढीचे पथक घरी येते, रक्ताचा नमुना घेते आणि साधारण अर्ध्या तासात काम पूर्ण करते. चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या मिटलेल्याच राहतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, चष्मा असलेल्या किंवा मधुमेही व्यक्तीचेही डोळे चालतात. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रक्ताचा कर्करोग यांसारख्या आजारांत मात्र ते घेत नाहीत. डोळे दिले तर पुढच्या जन्मी माणूस आंधळा होतो, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नये. घरातल्या कर्त्या माणसाने शांतपणे फोन लावावा.

त्वचादानाची वेळमर्यादाही साधारण सहा तासांचीच आहे. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून त्वचेचा अगदी पातळ थर घेतात, रक्तगट जुळवावा लागत नाही, आणि ती मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णांच्या जखमा झाकण्यासाठी वापरतात. मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. देहदान हा वेगळा विषय आहे: ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला होते, आणि शवविच्छेदन किंवा अवयव काढल्यानंतर देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान करून देहदान करता येते. त्वचेबाबत संबंधित महाविद्यालयाला आधी विचारून ठेवावे.

पार्थिव घरी नेताना

अवयव काढल्यानंतर इतर शस्त्रक्रियेप्रमाणेच टाके घालून, स्वच्छ करून पार्थिव सन्मानाने कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते. दर्शनाला ठेवण्यात किंवा नेहमीचे विधी करण्यात अडचण येत नाही. त्या वेळी मृत्यूच्या कागदावरील वेळ तपासून घ्यावी, कारण मेंदूमृत्यूत मृत्यूची वेळ दुसऱ्या चाचणीची धरतात, हृदय थांबल्याची नव्हे, आणि विमा दाव्याच्या वेळी यावरून प्रश्न निघतात. नमुना क्रमांक ८ किंवा ९ ची आणि शक्य असल्यास नमुना क्रमांक १० ची प्रत मागावी. पोलीस प्रकरण असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल कोणत्या कार्यालयातून आणि साधारण केव्हा मिळेल, तेही तेथेच विचारून समन्वयकांचे नाव व क्रमांक लिहून घ्यावा. पुढच्या काही आठवड्यांत कागदपत्रांसाठी त्यांची गरज लागते.